गाडी पकडायची नसताना सीएसएमटी

गुरुवार

बहिणीच्या मुलीचा साखरपुडा बुधवारी डोंबिवलीत उरकला. नागपूरची परतीची गाडी थेट मंगळवारी. मधले दिवस मी काय करणार, असा प्रश्न बहिणीला पडला होता, मला नव्हता. मला सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बघायचं होतं. विदर्भ एक्सप्रेसने आजवर कितीदा तरी तिथे उतरलोय, पण दरवेळी कुणाच्या ऑपरेशनसाठी, मंत्रालयातल्या फायलीमागे नाहीतर मुलाच्या परीक्षेसाठी. उतरायचं आणि टॅक्सी गाठायची. इमारत टॅक्सीच्या काचेतून दिसेल तेवढीच.

"मामा, व्हीटीत बघण्यासारखं काय आहे?" भाच्याने स्टेशनाच्या जुन्या नावाने विचारलं. "तिथून लोक फक्त बाहेर पडतात." तो रोज पडतो. फोर्टात त्याचं हापीस आहे. त्याच्याच जलद लोकलने निघालो.

त्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, मुंबईकरांना ते रोजचंच आहे. "बॅग पोटावर घ्या, दारात रेंगाळू नका, आत घुसा," एवढ्या तीन सूचना मिळाल्या आणि ठाण्यापर्यंत मी एका पायावर होतो. दादरला श्वास घेता आला. भायखळा सोडल्यावर गाडी मंदावते. सँडहर्स्ट रोडला वाशी-पनवेलकडची हार्बरची लाइन डोक्यावरून जाते, आणि मस्जिद मागे पडलं की एका रुळाचे दोन, दोनाचे चार व्हायला लागतात. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर सांधे बदलत, खडखडत आपला फलाट शोधते. ती थांबायच्या आधीच दारातली पोरं धावत फलाटावर उतरली होती. "पाचनंतर इंडिकेटरखाली भेटू," म्हणून (गाड्यांच्या वेळा दाखवणारी ती पाटी) भाचाही त्या लोंढ्यात दिसेनासा झाला.

मी उलट्या दिशेला गेलो नाही आणि पुढेही पळालो नाही. फलाटाच्या टोकाशी, जिथे रूळ संपून गाडी अडवणारा बफर लागतो, तिथे उभा राहिलो.

आम्हा नागपूरकरांना स्टेशन म्हणजे चारी दिशा. डायमंड क्रॉसिंगवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रूळ एकमेकांना छेदतात, गाड्या येतात आणि पुढे जातात. इथे पुढे काही नाही. जी गाडी येते तिला तोंड न फिरवता मागे जावं लागतं. या स्टेशनाच्या निम्म्याअधिक सवयी या एका गोष्टीतून आल्यात, असं मला पुढच्या दिवसांत पटत गेलं. साधं बघा: अठरा फलाट आहेत, १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. तरी एकावरून दुसऱ्यावर जायला जिना चढावा लागत नाही. रूळ संपतात तिथे आडवं चालत गेलं की झालं. दादरच्या पुलावर ज्यांची हाडं खिळखिळी झालीत त्यांना याची किंमत कळेल.

लोकल कशी परतते ते जवळून पाहिलं. गाडी थांबली, पुढचा मोटरमन खांद्याला बॅग लावून उतरला. पांढरा दिवा विझला, लाल दिवे लागले. डोक्यावरची पाटी बदलून 'कल्याण' झाली. तिकडे दुसऱ्या टोकाला, ज्या केबिनमध्ये इतका वेळ गार्ड होता, तिथे परतीचा मोटरमन चढला. म्हणजे गाडीचं शेपूट आता डोकं झालं. या पाच-सहा मिनिटांत हजारभर माणसं उतरली आणि तितकी नाही तरी बरीच चढली. मध्य रेल्वेच्या लोकलच्या रोज १,८००च्या आसपास फेऱ्या होतात. त्यातल्या कितीतरी इथे अशाच तोंड न फिरवता फिरतात. कुणी वर बघत नाही.

अकराच्या सुमाराला गर्दी ओसरल्यावर तिकीटघरात गेलो. हे उपनगरी तिकिटांचं मोठं दालन. छतावर सोनेरी तारे आहेत म्हणून त्याला 'स्टार चेंबर' म्हणतात. घोटीव दगडाचे खांब, कमानी, कोरीव पानं, आणि खाली पास काढायची रांग. एक बाई खिडकीवर "मुलुंड रिटर्न" म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यावर निळ्या छतात सोन्याचे तारे होते आणि ती सुट्टे पैसे मोजत होती. मला हे आवडलं. देखणी जागा दोरी बांधून बंद केलेली नाही, तिथे अजून तिकिटंच विकली जातात.

बाहेरची इमारत नीट बघायची तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जावं लागतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ला: चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. तेव्हा ही इमारत नव्हती, साधंसं स्टेशन होतं. इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, तिला राणीचं नाव मिळालं, व्हिक्टोरिया टर्मिनस. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची. दोन्ही घुमटांकडे एकाच जागेवरून बघता येतं. महापालिकेचा मनोरा जास्त उंच वाटतो, पण रेल्वेचा घुमट जास्त मुरलेला, हे माझं मत.

फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटाच्या टोकावर 'प्रगती'ची मूर्ती, हातात मशाल. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर हलवला. कोनाडा रिकामाच आहे आणि तो तसाच राहावा असं वाटतं. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीशी संबंधित माणसांचे चेहरे कोरलेत. त्यात पगडीवाले दोन आपले, नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत नाना पुढे होते. त्यांचा चेहरा शोधायला मला बराच वेळ लागला, शेवटी एका झाडू मारणाऱ्या काकांनी बोट दाखवलं. "तो बघा, पगडीवाला. सगळे विचारतात."

पाच वाजता भाचा इंडिकेटरखाली नव्हता. साडेसहाला आला.

शुक्रवार

दुपारी तीनला वारसा संग्रहालय उघडतं, आठवड्याच्या कामाच्या दिवशी आणि पाचपर्यंतच. तिकीट २०० रुपये. काहींना जास्त वाटेल. पण ही इमारत म्हणजे मध्य रेल्वेचं मुख्यालय, एरवी आत जाताच येत नाही, त्यामुळे मी कुरकुर न करता काढलं. मोठ्या जिन्याखाली उभं राहून वर घुमट बघणं हेच खरं त्या पैशांचं मोल. घुमट आठकोनी, दगडी बरगड्यांचा. जिन्याच्या पायऱ्या भिंतीत रोवून बाहेर काढलेल्या, मध्ये आधाराला खांब नाही. रंगीत काचांतून येणारा उजेड पायऱ्यांवर पडतो आणि त्याच पायऱ्यांवरून कारकून फायली घेऊन चढतात.

दगडातलं कोरीवकाम बरंचसं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं. शाळा इथून पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणूनच बहुधा युरोपातल्या गॉथिक इमारतीत न शोभणारे पाहुणे इथे शोभतात: कमानीवर पिसारा फुलवलेला मोर, माकडं, पन्हाळ्यांतून तोंड काढणारे दात विचके प्राणी. २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या मिसळीसाठीच.

संग्रहालयाच्या वस्तूंपाशी मी फार रमलो नाही. मला संध्याकाळ गाठायची होती.

संध्याकाळचा सीएसएमटी हा वेगळाच प्राणी आहे. भाच्याने आज शिकवणी घेतली. "मामा, इंडिकेटर वाचता येतो का?" येत नव्हता. अक्षरावरून गाव, मग वेळ, मग जलद की धीमी, मग डबे बारा की पंधरा. लोक मान वर करून उभे असतात. फलाटाचा आकडा झळकला की दोनशे माणसं एकदम वळतात. पळत नाहीत, पण चालणंही नाही ते. गाडी फलाटात शिरते तेव्हा ती अजून भरलेली असते, उतरणारे दारात असतात, तरी चालत्या गाडीत पोरं उड्या घेतात. खिडकी हवी असते.

"हे तर काहीच नाही," भाचा म्हणाला. "काही लोक मस्जिदहून उलटे येतात. येणाऱ्या गाडीत चढायचं, इथे उतरायचंच नाही, तसंच बसून परत कल्याण. आम्ही त्याला रिटर्न मारणं म्हणतो."

"आणि तिकीट?"

"पास असतो ना."

म्हणजे गाडी इथे उलटी फिरते याचा फायदा घेऊन माणसंही उलटी फिरतात. मला हसू आलं, पण कर्जत किंवा कसाऱ्यापर्यंत उभं जायचं म्हटलं की हे हसण्यासारखं राहत नाही. कसारा इथून १२० किलोमीटर. तीन माणसांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, त्याला 'चौथी सीट' म्हणतात आणि ती मिळाली तरी लोक थँक्यू म्हणतात.

भाच्याला साडेसातच्या गाडीत बसवून दिलं. "मामा, तुम्ही?" म्हटलं, मी मागून येतो, तिकडे मोठ्या गाड्या सुटायच्यात.

लोकलचा आवाज मागे टाकून आठ नंबरच्या पुढे गेलं की स्टेशनाची चाल बदलते. माणसं बसलेली असतात. पिशव्या, पोती, बांधलेली बोचकी, डबे, झोपलेली मुलं. आणि रात्रभर इथून एकेक करून महाराष्ट्राचे सगळे कोपरे निघतात. आठनंतर महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरला. तिच्या डब्याशी "आरं, वर ठेव की ती पिशवी, कडंला!" असं चाललं होतं. मग देवगिरी मराठवाड्याकडे. मग सिद्धेश्वर सोलापूरला, तिच्यापाशी मराठीत कानडी मिसळलेली ऐकू आली. शेवटी अकराच्या सुमाराला कोकणकन्या. मी एका बाकावर बसून फक्त ऐकत होतो. नागपूरचा माणूस म्हणून माझंही काही ऐकू यावं असं वाटलं, पण आमची विदर्भ सातच्या सुमारासच निघून गेली होती.

कोकणकन्येच्या जनरल डब्यासाठी रांग लावलेली होती. रेल्वे पोलिसाने लोकांना फलाटावर एकामागे एक बसवलं होतं. त्यात एक आजी, लाल काठाचं लुगडं, मांडीवर प्लास्टिकची बादली आणि बादलीत नवा कुकर. शेजारी नातू मोबाइलमध्ये. पोलीस म्हणाला, "आजी, बादली खाली ठेवा, हात दुखेल." आजी म्हणाली, "ठेयलंय तर चोरतीत रे." पोलीस हसला आणि तिला उठवून रांगेत पाच-सहा माणसं पुढे नेऊन बसवलं. मागच्या एकानेही हरकत घेतली नाही. दार उघडल्यावर मात्र कुणी कुणाचं नव्हतं. नातू खिडकीतून आत शिरला, बादली खिडकीतून गेली, आजी दारातून गेली. तिला जागा मिळाली की नाही ते गर्दीत दिसलं नाही.

डोंबिवलीला पोचायला मध्यरात्र उलटली. बहिणीने दार उघडलं आणि काही न बोलता भात गरम केला. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवार

आज उशिरा निघालो. पी. डी'मेलो रोडच्या बाजूला, अठरा नंबरच्या फलाटाकडे 'हेरिटेज गल्ली' आहे. पत्रे आणि बांधकामाचं सामान ओलांडून जावं लागतं, कारण पुनर्विकासाचं काम चालू आहे. तिथे 'सर लेस्ली विल्सन' नावाचं जुनं विजेचं इंजिन उभं आहे. विल्सन हे मुंबईचे गव्हर्नर. ३ फेब्रुवारी १९२५ला इथून कुर्ल्यापर्यंत हार्बरवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, तिचं उद्घाटन त्यांनीच केलं. माथेरानच्या छोट्या रुळांवरचं इंजिनही शेजारी आहे. एका बाबाने आपल्या मुलाला इंजिनासमोर उभं करून फोटो काढला आणि दोघे लगेच निघाले. ते बरोबरच, ऊन फार होतं.

फलाटांच्या लांबीची गोष्ट मला तिथल्याच एका हमालाकडून कळली, मागाहून ताडून पाहिली. लांबच्या गाड्यांना चोवीस डबे लागायला लागले, पण जुने फलाट तेवढे लांब नव्हते. टर्मिनसला एका बाजूला इमारत, त्यामुळे वाढवायचं ते दुसऱ्याच टोकाला, जिथे सगळे सांधे आहेत. म्हणजे रुळांची सगळी मांडणीच सरकवावी लागते. २०२४च्या जूनच्या सुरुवातीला १० आणि ११ नंबरसाठी सलग ३६ तासांचा ब्लॉक (गाड्या बंद) घेतला तो त्यासाठी. "दोन दिवस आम्हाला कामच नव्हतं," हमाल म्हणाला. "आणि नंतर चालायला जास्त."

लांबच्या गाड्यांच्या दालनात २००८च्या हल्ल्यात गेलेल्यांच्या नावांचा फलक आहे. पन्नासहून जास्त माणसं त्या रात्री याच स्टेशनात मारली गेली. बरीचशी अशीच, पिशव्यांवर बसून गाडीची वाट बघणारी. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माईक सोडला नाही, लोकलच्या प्रवाशांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले. काल रात्री मी ज्या तऱ्हेची माणसं बघत बसलो होतो तीच ती माणसं होती, हे फलकापाशी लक्षात आल्यावर तिथे थोडा वेळ थांबलो आणि मग बाहेर पडलो.

पोटपूजा बझारगेटला, पंचम पुरीवाल्याकडे. पुऱ्या फुगलेल्या आणि भाजी तिखट, आमच्या सावजीच्या मानाने सौम्य. जेवून पादचाऱ्यांच्या हिमालय पुलावरून गेलो. जुना पूल २०१९ मध्ये कोसळला, माणसं गेली. नवा २०२३ मध्ये उघडला. वर उभं राहिलं की खाली रस्ता आणि पलीकडे लोकलचं छप्पर एकदम दिसतं. शेजारचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, १९१३चं, जॉन बेग याचं. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय. बघायला आत गेलो तर पोस्टाच्या पाकिटांचा आणि डिंकाचा वास. तोही आता दुर्मीळच.

परतताना भुयारी मेट्रो पाहिली. कफ परेडपासून आरेपर्यंतचा हा मार्ग २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झाला, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. खाली गार, चकचकीत आणि शांत. वर लोकलच्या रुळाला टोक असतं, खाली मात्र गाडी सरळ पुढे निघून जाते. शहराच्या या टोकाला दीडशेहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच रेल्वे इथे न संपता पुढे गेलीय. मला त्याचं अप्रूप वाटलं, सहप्रवाशांना मोबाइलला रेंज नाही याची काळजी होती.

रविवार

मेगाब्लॉक. हार्बरची सीएसएमटीपासूनची वाहतूक दुपारभर बंद. १ आणि २ नंबरचे फलाट रिकामे, गाड्या नुसत्या उभ्या. आज भाचाही हट्टाने बरोबर आला होता, "बघू तरी काय बघता ते."

हार्बरच्या तोंडाशी दर मिनिटाला एक कुटुंब येई, इंडिकेटर बघे, पुन्हा बघे. एका गृहस्थाने चौकशीच्या खिडकीवर भांडण काढलं, "वाशीला जायचं कसं?" खिडकीतल्या बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मेन लाइनने कुर्ल्याला जा, तिथून पनवेलची स्पेशल." त्यांनी हे वाक्य आमच्यासमोरच बारा-पंधरा वेळा म्हटलं असेल. सामान घेतलेली माणसं चार नंबरकडे वळत होती. जिना नाही, पूल नाही, आडवं चाललं की झालं. भाच्याला म्हटलं, हेच दादरला असतं तर? तो म्हणाला, "दादरला असतं तर मारामारी झाली असती."

त्याला मी बफरपाशी नेलं, नाना शंकरशेटांचा चेहरा दाखवला, छतावरचे तारे दाखवले. सहा वर्षं तो या दालनातून जातोय. "हे आधीपासून होते?" असं त्याने ताऱ्यांकडे बघून विचारलं तेव्हा रांगेतला एक माणूसही वर बघायला लागला.

दुपारी 'आराम'मध्ये वडापाव आणि पियूष घेतलं. समोर फूटपाथवर बेस्टच्या बसची वाट बघणारी रांग, तिच्यामागे घुमट.

"झालं ना मामा तुमचं बघून?" भाच्याने विचारलं.

"उद्या चर्चगेट. तिथली पश्चिम रेल्वेची इमारतही स्टीव्हन्सचीच आहे, १८९९ची."

"उद्या सोमवार आहे. मला हापीस आहे."

"मग काय झालं, चर्चगेट तुझ्या हापिसापासून दहा मिनिटांवर आहे."

तो पियूष संपवत काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साडेबाराला लंच असतो."